मी वडाप चालवत न्हाई

"मॅडम, लग्न कुणाचं?" स्टॅन्झिननं विचारलं.

त्याचा तरी काय दोष? लेहच्या विमानतळावर मी निळी रेशमी साडी नेसून उभी होते, वर चमकत्या पट्ट्यांचं केशरी जाकीट आणि पायांत काळे बूट. एका हातात वॉकीटॉकी होता आणि दुसऱ्या हातानं वाऱ्यावर उडणाऱ्या निऱ्या सांभाळत होते. ध्यान दिसत असणार.

"लग्न नाही," मी म्हटलं. "आज पिसाळसाहेबांची शेवटची फेरी. शेवटच्या फेरीला घरचं माणूस विमानात बसतं, तशी रीत आहे."

"ते माहीत आहे. पण त्यांना माहीत आहे का, तुम्ही बसणार ते?"

"नाही."

"सांगितलं नाहीत?"

"त्यांनी विचारलं नाही."

स्टॅन्झिन आमच्या कंपनीचा तिथला मुकादम. बॅगा चढवणं, शिडी लावणं, विमान निघताना खाली उभं राहून हेडसेटवरून कॉकपिटशी बोलणं, हे सगळं त्याच्याकडे होतं. लडाखी माणूस, तोंडानं फटकळ. आम्ही दोघं हिंदीत बोलायचो आणि दोघांचंही हिंदी सारखंच दिव्य असल्यामुळे आमचं छान जमायचं.

"तुमच्याकडे बाप-लेकीत असं असतं?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे म्हणजे आमच्या घरात," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर आमच्यात भांडण नव्हतं. भांडण असतं तर बरं झालं असतं, भांडायला निदान तोंड उघडावं लागतं. आई होती तोवर आमचं सगळं बोलणं तिच्यातून व्हायचं. "बाबा विचारतायत, पैसे पुरतात का." "वैजूला सांग, गाडी हळू चालव." आम्ही दोघं एकाच खोलीत बसलेलो असायचो आणि तरी निरोप तिच्या हाती जायचे. ती गेली आणि कळलं, की आमच्याकडे एकमेकांशी बोलायची भाषाच नाही. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर बाबा आणि मी ओट्यावर बसलो होतो. तासाभरानं बाबा म्हणाले, "गरम व्हाय लागलं." मी म्हटलं, "हो." झालं. त्यानंतर ते त्यांच्या ड्युटीवर गेले आणि मी माझ्या.

बाबा म्हणजे कॅप्टन संपतराव पिसाळ. वाईजवळच्या बावधनचे. आधी हवाई दल, मग आमची विमान कंपनी. हवाई दलानं त्यांचं इंग्रजी घासूनपुसून लख्ख केलं होतं, मराठी मात्र बावधनचंच राहिलं. मी त्याच कंपनीत लोड कंट्रोलर होते. विमानात किती माणसं, किती बॅगा, किती इंधन, सगळ्याचं वजन मांडायचं, ते त्या दिवशीच्या हवेत त्या धावपट्टीवरून उचलेल का ते बघायचं, आणि आकडे कॅप्टनच्या हातात द्यायचे. लेहची बदली मी मागून घेतली होती. लोकांना वाटायचं, पोरीला डोंगर आवडतात. खरं कारण असं, की बाबा आठवड्यातून दोनदा लेहला विमान आणायचे. दोनदा मी कॉकपिटमध्ये जायचे, आकडे सांगायचे, ते "बरं" म्हणायचे. आमचं कुटुंब एवढंच उरलं होतं.

आणि आता ते पासष्ट वर्षांचे होत होते. पासष्टी गाठली की वैमानिकाला खुर्ची सोडावी लागते.

आमच्या धंद्यात कॅप्टनची शेवटची फेरी म्हणजे घरचं कार्यच असतं. बायको, पोरं, सासुरवाडीची माणसं विमानात बसतात. दिल्लीला उतरल्यावर आगीचे दोन बंब पाण्याची कमान धरतात, खाली हार, केक, फोटो. बाबांनी कुणाला काही कळवलं नव्हतं. मला त्यांची शेवटची फेरी कळली ती ड्युटीच्या तक्त्यावरून. बोलावतील म्हणून मी फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. मग मीच चार दिवसांची रजा टाकली आणि स्टाफचं तिकीट काढलं. हे तिकीट जवळपास फुकट असतं, पण त्याला एक अट असते. वजनात बसलात तर चढायचं, नाही बसलात तर सगळ्यात आधी उतरायचं.

ते दिवसातलं शेवटचं विमान होतं. आकडे दिले की माझं काम संपणार, जाकीट काढायचं, मागच्या रांगेत जाऊन बसायचं, आणि दिल्लीला उतरल्यावर हार घालायच्या वेळी पुढे व्हायचं, असा माझा बेत होता. तोंडानं बोलावं न लागता सगळं निभावून नेणारा बेत. आमच्या घराण्याला शोभणारा.

पण दिल्लीला पहाटे पाऊस कोसळला आणि बाबांचं विमान उशिरा आलं.

लेहला उशीर म्हणजे नुसता उशीर नसतो. एवढ्या उंचीवर हवा आधीच पातळ. ऊन चढलं की ती आणखी पातळ होते, पंखांना धरायला काही उरत नाही आणि इंजिनाचा दमही कमी पडतो. म्हणून तिथली सगळी विमानं सकाळी लवकर येतात आणि लवकर पळतात. पारा एकेक अंश चढतो तसं विमानानं उचलायचं वजन काही माणसांनी कमी होत जातं. त्या दिवशी डोंगरावर ढगाचा ठिपका नव्हता. मी आकडे मांडले. टपाल आणि जर्दाळूच्या पेट्या आधीच खाली काढल्या होत्या. तरी वजन जास्त होत होतं. किती, तर बरोबर चार माणसांचं.

स्टाफच्या तिकिटावरचे आम्हीही बरोबर चार होतो. तिकीट खिडकीवरची दोघं, एक मेकॅनिक आणि मी.

एक उपाय होता. विमानाच्या इंजिनात हवा दाबली जाते, त्यातली थोडी मधूनच काढून घेऊन प्रवाशांकडे पाठवतात. तुम्हाला डोक्यावरच्या झरोक्यातून गार झुळूक लागते ना, ती तीच. आमच्यात तिला ब्लीड म्हणतात. पाटाला मध्येच दार फोडलं की टोकाच्या वाफ्याला पाणी कमी पोचतं, तसंच हे. उड्डाणाच्या वेळेपुरतं ते दार बंद ठेवलं, की सगळी हवा इंजिनाच्या कामी येते, जोर वाढतो आणि विमान आणखी काही वजन घेऊन उठतं. आतल्या लोकांना तीन-चार मिनिटं घुसमटल्यासारखं होतं, एवढंच. वर गेलं की दार पुन्हा उघडायचं. यात बेकायदा काही नाही, पुस्तकात लिहिलेलं आहे. बाकीचे कॅप्टन उन्हाळ्यात सर्रास करायचे.

पिसाळ करायचे नाहीत. आणि का करायचे नाहीत, हे अख्ख्या कंपनीला तोंडपाठ होतं.

मी निऱ्या खोचून शिडी चढले.

कॉकपिटमध्ये बाबा डावीकडच्या खुर्चीत चष्मा कपाळावर चढवून बसले होते. शेजारी को-पायलट अनिर्बन, कोलकात्याचा, हसरा पोरगा. पाठीमागे प्रवासी बसत होते, सामानाचे कप्पे धाडधाड मिटत होते, कुठलंसं तान्हं पोर रडत होतं.

"गुड मॉर्निंग, कॅप्टन."

"मॉर्निंग." बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली साडीकडे. "आज साडी गं?"

आता नुसतं म्हणायचं होतं, बाबा, मी येतेय तुमच्याबरोबर. मराठीतले अगदी साधे शब्द, पोरसुद्धा बोलेल.

"असंच," मी म्हणाले.

"बरं," बाबा म्हणाले. "आकडा सांग."

मी सांगितला. "चार माणसं जास्त होतात. पण ब्लीड बंद करून निघालात तर ती बसतात. वर थोडं उरतंही."

"कोण चार?"

"स्टाफ. स्टँडबाय."

"म्हंजे आपलीच माणसं. उद्या जात्याल."

"उद्याही असंच ऊन असेल, कॅप्टन."

"मग परवा जात्याल." त्यांनी चष्मा खाली घेतला. "मागं वळून बघ. म्हातारी माणसं हायत, लेकरं हायत. हितं आधीच श्वासाला हवा पुरंना. त्यात त्यांची हाय ती हवा बी मी बंद करू, आणि ते कशापायी, तर आपल्या चौघांचा दिवस वाचावा म्हणून? तिकीट काढलेल्या माणसाला कोंबून न्ह्यायचं काम माझं न्हाई. मी वडाप चालवत न्हाई."

अनिर्बनला मराठीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण वडाप हा शब्द तो बाबांच्या तोंडून पूर्वी ऐकून होता. वाई-सातारा रस्त्यावर दारातून माणसं लोंबेपर्यंत भरलेली जीप धावते, ती वडाप, हेही त्याला बाबांनीच समजावलं होतं. तो हसला.

"शेवटच्या दिवशी तरी..." मी म्हणाले आणि थांबले.

"शेवटच्या दिवशी काय?"

"काही नाही."

"शेवटचा दिवस माझा हाय, त्या माणसांचा न्हवं," बाबा म्हणाले आणि सहीसाठी हात पुढे केला.

त्यांचं चुकत नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. कुणाच्या तरी लेकीला हार घालता यावा म्हणून दीडशे माणसांना घामात बसवावं, असं मी तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? पण मला त्यांच्याकडून बरोबर उत्तर नको होतं. बाबांनी एकदा विचारावं, "कोण चार? नावं सांग," एवढंच हवं होतं. आणि मला ते विचारायला लावता येत नव्हतं.

खाली येऊन मी चौघांना उतरवलं. पहिलं नाव माझंच खोडलं. मेकॅनिक हसून "उद्या बघू, मॅडम" म्हणाला, तिकीट खिडकीवरची दोघं बाजारात जायला मोकळी झाली म्हणून खूशच झाली. चौघांच्या बॅगा मात्र विमानाच्या पोटात खाली गेल्या होत्या, वर इतरांच्या. त्या काढेपर्यंत वेळ गेला. तेवढ्यात टॉवरनं कळवलं, की लष्कराची विमानं उतरतायत, ओळीनं, तोवर थांबा. लेहला एकाच बाजूनं उतरायचं आणि त्याच बाजूनं परत उडायचं. वाट एकच. थांबा म्हणजे थांबा.

माझी बॅग हातात घेऊन स्टॅन्झिन आला. रागावला होता.

"सांगितलंत का त्यांना?"

"सांगितलं, चार माणसं जास्त होतात म्हणून."

"तुम्ही चार माणसं आहात?"

त्यानं बॅग माझ्या पायाशी आपटली आणि तरातरा विमानाकडे गेला. अनिर्बन चाकं-पंख नजरेखालून घालायला खाली उतरला होता. पंखाच्या सावलीत दोघं बोलताना दिसले. स्टॅन्झिन हातवारे करत होता. अनिर्बननं वळून माझ्याकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं, आणि शिडीच्या पायऱ्या दोन-दोन करत वर पळाला.

मला पळून जावंसं वाटलं. खरंच. ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस झुरत होते ती आता घडणार होती, तर मी ऑफिसचं दार किती लांब आहे ते बघत होते.

थोड्या वेळानं स्टॅन्झिननं मला हात केला. कानावरचा हेडसेट काढून त्यानं माझ्यापुढे धरला. त्याची वायर वर विमानाच्या नाकाखाली जोडलेली होती.

"कॅप्टन बोलतायत. तुमच्याशीच."

मी हेडसेट घातला. वर काचेतून बाबांची फक्त टोपी दिसत होती.

"लोड कंट्रोल," मी म्हटलं.

"वैजू."

विमानतळावर त्यांनी मला या नावानं कधीच हाक मारली नव्हती. मीही त्यांना तिथे बाबा म्हटलं नव्हतं. नियम कुणी केला होता कोण जाणे.

"त्या चौघांत तू हायस?"

"हो."

"मग मगाशी बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"साडी कशाला म्हणून इचारलं की."

"मी असंच म्हणाले."

"असंच म्हणाली," बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. हेडसेटमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते म्हणाले, "हवा बंद केली तर किती मिळतं म्हणालीस? परत सांग. कर हिशेब. शिडी आजून लावलेलीच हाय."

विमान त्यांचं, निर्णय त्यांचा. आयुष्यभर जे कुणासाठी केलं नाही ते बाबा माझ्यासाठी करायला निघाले होते. मी साडीच्या पदरानं डोळे पुसले, बॉनेटवर कागद ठेवावा तसा विमानाच्या चाकाच्या झाकणाला कागद टेकवला आणि टॉवरला ताजा पारा विचारला.

टॉवरनं सांगितला. आम्ही खोळंबलो होतो तेवढ्यात तो चढला होता.

मी हिशेब केला. पुन्हा केला. इकडून केला, तिकडून केला. उत्तर बदलेना.

"बाबा," मी म्हटलं.

"बोल."

"ऊन वाढलंय. आता हवा चालू ठेवून निघालात तर आत बसलेलेच जास्त होतात. पाच-सहा जण उतरवावे लागतील. हवा बंद केलीत तर आतले सगळे जातात. पण तेवढेच. आणखी कुणी नाही."



माझं वजन तेव्हा सत्तावन्न किलो होतं. साठ टनांच्या विमानाला सत्तावन्न किलोंनी काय होणार होतं? एखादा आकडा जरा खाली ओढला असता तर देवालाही कळलं नसतं. हे माझ्या मनात आलं, आणि मला खात्री आहे की त्यांच्याही मनात आलं. मी वाट पाहत होते की ते म्हणतील. कदाचित तेही वाट पाहत असतील. दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही. एवढ्या एका बाबतीत तरी आम्ही बाप-लेक शोभत होतो.

"झालं की वडाप," बाबा शेवटी म्हणाले. "शेवटच्या दिवशी. आणि तू खालीच."

मी हसले. रडतही होते. दोन्ही त्यांना ऐकू जात असणार.

"आतल्यांपैकी कुणाला उतरवायचं का, म्हणून मी इचारनार न्हाई," ते म्हणाले.

"विचारू नका."

"रागावलीस?"

"नाही. बाबा, तुम्ही मला बोलावलं का नाही?"

लष्कराचं एक विमान उतरलं. त्याचा आवाज डोंगरांत घुमून विरेपर्यंत दोघांनाही थांबावं लागलं.

"मी कुणाला कधी बोलावलंय का गं?" बाबा म्हणाले. "सणाला, सुदीला, तुझ्या बारशाला बी. बोलावणं तिचंच काम हुतं. ती गेल्यावर कुणाला कसं बोलवायचं, मला ठावंच न्हाई. दोनदा फोन हातात घेतला. म्हटलं, ही म्हणंल, एवढ्या वर्सात आज कशी आठवण झाली."

"मी असं म्हटलं नसतं."

"तेच तर ठावं न्हवतं."

हे सगळं विमानातल्या त्या पेटीत नोंदलं जात होतं. अपघात झाला तर शोधतात ती पेटी. अपघात झाला नाही तर दोन तासांनी जुनं पुसून त्यावर नवं बोलणं चढतं. आई गेल्यानंतरचं आमचं पहिलं बोलणं दिल्लीला पोचल्यावर असंच पुसलं गेलं असेल.

टॉवरचा निरोप आला. वाट मोकळी झाली होती. बाबांचा आवाज लगेच बदलला. त्यांनी आत लोकांना सांगितलं, पहिली काही मिनिटं उकडेल, माफ करा. शिडी हलली, दार मिटलं, इंजिनं एकामागून एक सुरू झाली. मी हेडसेट कानावर तसाच ठेवून उभी होते. स्टॅन्झिननं तो परत मागितला नाही.

"ग्राउंड, हेडसेट काढा," बाबा म्हणाले. हे प्रत्येक कॅप्टन प्रत्येक वेळी म्हणतो. मग थांबून, "वैजू, लांब जाऊन उभी ऱ्हा. साडी उडंल."

मी वायर काढली, लांब गेले आणि हात वर करून निघायची खूण केली. काचेआडून त्यांनीही हात केला.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, धावलं. नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं असं मला वाटलं. स्पितुकच्या टेकडीवरच्या मठाशेजारून ते गेलं आणि सिंधूच्या खोऱ्यात दिसेनासं झालं. आत लोक कागदांनी वारा घेत असतील, कुणीतरी वैतागून घंटी दाबली असेल. बाबांच्या चाळीस वर्षांतली ती एकच वडाप, आणि तिच्यात मला जागा नव्हती.

त्यानंतरची दुपार मला अजून आठवते, कारण तिच्यात काही नव्हतं. दिवसाची विमानं संपली होती. स्टॅन्झिन घरी चला म्हणाला, बायकोनं शेवयांचा गरम थुक्पा केलाय म्हणाला. मी नाही म्हटलं. खोलीवर आले तर रजेवर जायचं म्हणून सगळं आवरून ठेवलेलं, दूध संपवलेलं, गॅस बंद केलेला. मी बंद खोलीत कॉटवर साडी न बदलता बसून राहिले. खिडकीतून समोरच्या शेतातली बार्ली हलताना दिसत होती. आता आठवड्यातून दोनदा कुणी येणार नव्हतं. मग मी लेहमध्ये नेमकी कशासाठी होते, याचं उत्तर मला सापडेना. मी आयुष्यात इतकी एकटी पूर्वी नव्हते आणि नंतरही झाले नाही. बाबांना जाऊनही आता पाच वर्षं झाली, तरी मी हे म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिर्बन दुसऱ्या कॅप्टनबरोबर परत लेहला आला. मी रजा रद्द करून कामावर गेले होते, नेहमीच्या कपड्यांत. आकडे देऊन खाली उतरले तर तो मागोमाग आला.

"काल तुम्हाला कुणी फोन केला की नाही?"

"नाही."

"बंबांनी पाण्याची कमान धरली. झकास झालं. आम्ही हार घातला, केक कापला. मग बेस मॅनेजर फोटोसाठी पुढे आले आणि म्हणाले, फॅमिली कुठाय? सगळे इकडेतिकडे बघायला लागले. मला वाटलं सर म्हणतील, कुणी नाही."

"मग काय म्हणाले?"

"म्हणाले, आली होती. मीच उतरवली."

तो विमानात गेला. मी विमान रवाना केलं, ऑफिसात आले, दार लावून घेतलं आणि बावधनच्या घरी फोन लावला. बाबा तिथे पोचले असतील की नाही, माहीत नव्हतं. बराच वेळ घंटी वाजत राहिली. शेवटी फोन उचलला गेला.

"कोण?"

"मी. वैजू."

"हां."

"पोचलात?"

"आत्ताच. कुलूप गंजलंय, तेल घालून उघडलं."

पलीकडे ओट्यावर कावळा ओरडत होता.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही नाही उतरवलंत. मीच उतरले. माझं नाव मीच खोडलं."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"पुढच्या टायमाला आकडा सांगू नगंस," बाबा म्हणाले. "नाव सांग."

पुढची वेळ नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"सांगेन," मी म्हणाले.